मुद्दाम उतरवलेल्या तीन तारा

तालुक्याच्या बातमीदाराला गिटारविषयी काही ठाऊक असावे, अशी अपेक्षा कोणतेही वृत्तपत्र करत नाही. नव्वदच्या दशकात मी पुण्याच्या एका दैनिकासाठी बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांचे काम पाहत होतो. कारखान्याचा गळीत हंगाम, कालव्याचे आवर्तन, बाजार समिती, अपघात आणि निवडणुका यांतच दिवस जात असे. गिटारवर मी दोनदा लिहिले. दोन्ही वेळा जे लिहिले ते छापून आले नाही, आणि जे छापून आले ते मी लिहिलेले नव्हते. नोकरीतले बहुतेक राग निवृत्तीपर्यंत निवतात. हा निवला नाही, म्हणून इथे लिहितो.

आधी धंद्याची रीत सांगितली पाहिजे. त्या काळी बातमी हाताने लिहायची आणि एसटीच्या पार्सलने पुण्याला पाठवायची. पुढे फॅक्स आला, तेव्हा एसटीडी बूथवर रांगेत उभे राहून पाठवू लागलो. पुण्यात उपसंपादक ती वाचतो, कापतो, मथळा देतो. ऑपरेटर ती संगणकावर टाइप करतो. या दोघांना गावात कोणी ओळखत नाही. चूक कोणाचीही असो, माणसे येतात ती भिगवण रस्त्यावरच्या आमच्या एका खोलीच्या कार्यालयात.

शेळगावचे एक आबा असेच आले होते. रोपवाटिकेचे उद्घाटन त्यांच्या हस्ते झाले होते. नावामागे आद्याक्षर ‘के.’ होते. छापताना त्यावर एक मात्रा जास्त पडली आणि उद्घाटन ‘कै.’ आबांच्या हस्ते झाले.

आबा खुर्चीवर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, “मी जित्ता हाय.”

“आबा, एका मात्रेची चूक झाली.”

“वैद्याच्या मात्रेनं माणूस मेल्यालं ऐकलं हुतं. छापखान्याच्या मात्रेनं मेल्याला मीच पयला. सकाळधरनं दोन जावई यिऊन गेलं. एकजण तर हार घिऊनच आलता. आता त्यो हार परत न्ह्यावा का मलाच घालावा, हे त्याला कळंना.”

आबा एका पतसंस्थेचे संचालक होते. पतसंस्था दिवाळीला पानभर जाहिरात देत असे. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर चौकटीत दुरुस्ती आली, मथळ्यासह. एका मात्रेसाठी आमचे दैनिक एवढे करू शकत होते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आता गिटारकडे येतो.

इंदापुरात एका शिक्षणसंस्थेने इंग्रजी माध्यमाची शाळा काढली होती. अध्यक्ष पुण्यातल्या कुठल्याशा शाळेच्या कार्यक्रमाला गेले असताना त्यांना तिथे मुले गिटारवर गाताना दिसली. परतल्यावर त्यांनी ठरवले की हार्मोनियम सगळ्यांकडेच असते, आपल्याकडे गिटार पाहिजे. गिटार शिकवणारे माणूस त्या परिसरात एकच सापडले, बारामती तालुक्यातल्या सांगवीची प्रज्ञा. पुण्यात पदवी घेताना तिने वसतिगृहातल्या एका मैत्रिणीची जुनी गिटार विकत घेतली होती आणि एका वाद्यवृंदातल्या वादकाकडे ती रीतसर शिकली होती. शाळेने तिला तासिका तत्त्वावर घेतले. म्हणजे जितके तास शिकवाल तितक्याचे पैसे, सुट्टीचे काही नाही. वर्धापनदिनाला प्रात्यक्षिक होईल, पुण्याचे तज्ज्ञ अभिप्राय देतील आणि मग कायम करू, असे तिला सांगण्यात आले होते. घरात पगार आणणारी ती एकटीच उरली होती. तिचे वडील, ज्यांना सगळी सांगवी तात्या म्हणते, कारखान्याच्या वजनकाट्यावरून नुकतेच निवृत्त झाले होते.

वर्धापनदिनाचे निमंत्रण पत्रकारांना होते, म्हणून मी हजर होतो. मुलांनी एक गाणे म्हटले. प्रज्ञाने साथ केली. सभागृह पत्र्याचे, पंखे मोठ्या आवाजाचे, तरी ते गाणे शेवटच्या रांगेपर्यंत नीट पोचले. पालकांनी टाळ्या वाजवल्या. मग तज्ज्ञांना अभिप्रायासाठी बोलावण्यात आले. पुण्यात त्यांचा स्वतःचा वाद्यवृंद होता. त्यांनी प्रज्ञाच्या हातातून गिटार घेतली, डावा हात सवयीच्या जागी ठेवला आणि उजव्या हाताने तारा छेडल्या. जो आवाज निघाला तो खरोखरच वाईट होता.

“गिटार लागलेली नाही,” ते माइकवर म्हणाले. “गाणं कानाला बरं वाटलं, पण वाद्य बेसूर आहे. तीन तारा खाली आहेत.”

“सर, त्या मी उतरवल्यात,” प्रज्ञा म्हणाली. तिच्यापुढे माइक नव्हता.

“असू दे, होतं असं. मी लावून देतो.”

त्यांनी तिथेच, पालकांसमोर, तिन्ही तारांच्या चाव्या पिळून त्या वर चढवल्या आणि गिटार परत दिली. “आता वाजवा.” पुढच्या गाण्यासाठी मुले उभी होती. त्या गाण्यासाठी प्रज्ञाच्या बोटांची सगळी बैठक उतरवलेल्या तारांवरची होती. तिने सुरुवात केली, बोटे चुकली, मुले थांबली. मागच्या रांगेत कोणी तरी हसले. निवेदकाने पुढचा कार्यक्रम पुकारला.

गाणे कानाला बरे वाटले आणि वाद्य बेसूर होते, ही दोन विधाने एका माणसाने एका दमात केली आणि सभागृहात कोणालाही त्यात काही खटकले नाही. मला खटकले. म्हणून कार्यक्रमानंतर मी प्रज्ञाला गाठले आणि त्या उतरवण्याचा अर्थ विचारला. ती म्हणाली, “इथं नाही सांगता यायचं. घरी या. तात्या असले तरच कळेल.”

बातमी मात्र त्याच दिवशी द्यायची होती. मी लिहिले: ‘शिक्षिकेने गिटारच्या तीन तारा मुद्दाम उतरवल्या होत्या. ही वेगळी जुळणी असल्याचे तिचे म्हणणे असून तज्ज्ञांना ती मान्य झाली नाही.’

दुसऱ्या दिवशी छापून आले: ‘गिटारच्या तीन तारा उतरल्या होत्या.’ वर मथळा होता: ‘उतरलेल्या तारांवर गिटारवादन; शिक्षिकेची तारांबळ’.

तारा आणि तारांबळ हा विनोद पुण्यात कोणाला तरी सुचला होता. त्यासाठी ‘मुद्दाम’ गेले, ‘व’ गेला आणि दुसरे वाक्य पूर्ण गेले.

मराठीत तार उतरते ती आपोआप, हवेने, ढिल्या चावीने किंवा वाजवणाऱ्याच्या हलगर्जीपणाने. तार उतरवली जाते ती माणसाच्या हाताने, काही एक हेतू धरून. मधल्या एका अक्षरात सगळा माणूस आहे. ते अक्षर काढले की उरतो फक्त हलगर्जीपणा. मी फोन केला. उपसंपादक शांतपणे म्हणाले, “अहो, मुद्दाम म्हणजे खोडसाळपणा झाला. मुद्दाम कोण तार उतरवतं? त्या बाईंना आम्ही वाचवलं.”

“त्यांनी खरंच मुद्दाम उतरवल्या होत्या.”

“मग तर आणखी वाईट नाही का?”

फोन ठेवून मी सांगवीला गेलो.

ओट्यावर तात्या बसले होते. बुद्धविहाराजवळच्या त्यांच्या गायन पार्टीत त्यांनी वर्षानुवर्षे गाणी म्हटलेली. आवाज एके काळी चढा होता. उतारवयात तो खाली आला आणि त्यांचा ‘सा’ हार्मोनियमच्या पांढरी दोनवर स्थिरावला. प्रज्ञाने गिटार आणली, तेव्हा पहिल्यांदा तिने वडिलांना साथ करायचा प्रयत्न केला, सरळ लावलेल्या गिटारवर, वाद्यवृंदात शिकवतात तशी.

“आवो, मी एका जागी हुबा ऱ्हाऊन गातोय,” तात्यांनी मला सांगितले, “आन ही दर वळीला दार बदलती. एकदा हिकडनं हाक मारती, एकदा तिकडनं. माणसानं जायाचं कुठं?”

“कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे स्वर, बदलण्याला ते दार बदलणं म्हणायचे,” प्रज्ञा हसून म्हणाली. “सिनेमाच्या गाण्याला ते लागतं. ह्यांच्या गाण्याला नाही. ह्यांचं गाणं एका ‘सा’वर उभं असतं.”

मग तिने काय केले ते सांगतो. गिटारला सहा तारा. सरळ लावताना सगळ्यात जाड तार तात्यांच्या ‘सा’पेक्षा एका स्वराने वर राहते. म्हणजे त्यांचा खालचा सा गिटारमध्ये मोकळा मिळतच नाही. तिने ती जाड तार दोन पट्ट्यांनी, म्हणजे दोन अर्ध्या स्वरांनी, उतरवली. खालचा सा मिळाला. मग सगळ्यात बारीक तारही तितकीच उतरवली. वरचा सा मिळाला. बारीक तारेच्या शेजारची तशीच उतरवली, तो झाला पंचम. आता हात न लावता, मोकळी गिटार छेडली तरी तानपुऱ्यासारखी भरून वाजू लागली.

बारीक बाजूने तिसऱ्या तारेवर ती बरेच दिवस अडली. ती एक पट्टी उतरवली की शुद्ध गंधार येतो आणि गिटार एकदम गोड होते. पाश्चात्त्य वादक तसे करतात, असे तिने पुण्यात ऐकले होते. तिने तसे करून पाहिले.

“पैल्यांदा लई गॉड वाटलं,” तात्या म्हणाले. “पर दुःखाची वळ आली की माझा गळा खाली वाकतोय, आन ही बया वर बगून हसतीया.”

“गिटारला म्हणतात, मला नाही,” प्रज्ञाने खुलासा केला.

“तुला बी.”

तात्यांच्या गाण्यात काही ओळींना कोमल गंधार लागतो. तारेवरचा शुद्ध आणि गळ्यातला कोमल एकमेकांना खात होते. शेवटी तिने तिसरी तार जिथे होती तिथेच, मध्यमावर, सोडून दिली. त्यामुळे गिटारमध्ये कुठलाच गंधार मोकळा उरला नाही. तो तात्यांच्या गळ्यावर सोपवला. ज्या ओळीला जो हवा तो त्यांनी घ्यावा. त्यांनी मला एक गाणे म्हणून दाखवले. प्रज्ञाचा डावा हात जेमतेम हलत होता. उतरवलेल्या तारा सैल असतात, जोरात ओढल्या तर पट्ट्यांवर खरखरतात. म्हणून ती हलक्या बोटाने वाजवत होती. गाणे संपल्यावर तात्या म्हणाले, “आता कसं, घरात बसल्यावानी वाटतं.”

शाळेतल्या मुलांचे गळे निराळे, त्यांचा सा वरचा. तरी तिने तीच जुळणी शाळेत नेली. गिटारच्या मानेवर पट्टीमागे दाबपट्टी, म्हणजे कॅपो, लावून ती जुळणी मुलांच्या ‘सा’पर्यंत वर चढवायची. लहान मुलांना दर ओळीला बदलणाऱ्या कॉर्डांपेक्षा एका ‘सा’वर गाणे सोपे जाते, हे तिच्या ध्यानात आले होते. वर्धापनदिनी लोकांच्या कानाला जे बरे वाटले ते यामुळे.

मी कार्यालयात येऊन दुरुस्ती लिहिली: ‘शिक्षिकेच्या गिटारच्या तारा उतरल्या नव्हत्या, त्या उतरवल्या होत्या.’ उपसंपादकांशी पुन्हा बोललो. शेळगावच्या आबांची आठवण दिली.

“ते संचालक होते,” ते म्हणाले.

“ही शिक्षिका आहे.”

“तासिकेवरची.”

तरी मी पिच्छा सोडला नाही आणि अखेर दुरुस्ती आली, आतल्या पानावर, बाजारभावांच्या खाली, मथळ्याशिवाय. ती जशी छापली गेली तशी देतो: ‘शिक्षिकेच्या गिटारच्या तारा उतरल्या नव्हत्या, त्या उतरल्या होत्या.’

ऑपरेटरला ‘उतरवल्या’ ही चूक वाटली असणार. त्याने ती सुधारली. मी पुन्हा फोन केला, तेव्हा उत्तर आले की दुरुस्तीची दुरुस्ती छापण्याची पद्धत नाही.

मी ठोकळमानाने सांगू शकतो की त्या दशकात आमच्या दैनिकाने दोन्ही तालुक्यांतील पुष्कळ लोकांना कधी ना कधी चुकीचे छापले. बहुतेकांचे काही बिघडले नाही. हिचे बिघडले. पहिल्या बातमीचे कात्रण शाळेच्या सचिवांनी तिला कायम करण्याच्या प्रस्तावाला जोडले, तज्ज्ञांच्या अभिप्रायाला दुजोरा म्हणून. मी माझा हस्तलिखित मजकूर घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी तो वाचला आणि परत दिला.

“हे छापलेलं नाही,” ते म्हणाले.

“छापलेलं चुकीचं आहे.”

“तुमची दुरुस्तीही वाचली मी. तिच्यातही तारा उतरलेल्याच आहेत.”

पुढे त्या पदाची जाहिरात आमच्याच दैनिकात आली. पद संगीत शिक्षक, वाद्य हार्मोनियम. तीत एकही अक्षर चुकले नव्हते. पण त्याआधी एक बैठक झाली आणि मला सांगायचे आहे ते त्या बैठकीचे.

मी अध्यक्षांना भेटून सगळे समजावले होते. ते शेतीतले, रोखठोक बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी सचिवांना सांगून प्रज्ञाला पुन्हा बोलावले. संस्थेच्या कार्यालयात ते दोघे, प्रज्ञा आणि मी. तात्या लेकीसोबत आले होते. त्यांना दाराशी बाकावर बसवले होते.

“म्याडम, आमच्यादेखत सरळ लावून दावा,” अध्यक्ष म्हणाले. “लावता येती का न्हाय, एवडंच बगायचंय.”

प्रज्ञाने तिन्ही तारा कानाने वर चढवल्या आणि वाद्यवृंदात शिकवतात तसे एक गाणे वाजवले. बोट कुठे अडखळले नाही.

“झालं की,” अध्यक्ष सचिवांना म्हणाले. “येतंय त्यास्नी. करून टाका कायम.”

सचिवांनी एक टाइप केलेला कागद पुढे केला. फाइलला तज्ज्ञांचा अभिप्राय आणि कात्रण जोडलेले असल्याने, ते म्हणाले, ते आणि कायम करण्याचा आदेश यांच्यामध्ये एक दुवा लागतो. कागदावर एकच वाक्य होते: ‘वाद्य जुळवण्यातील माझी त्रुटी मी दूर केली आहे.’ खाली सहीची जागा.

“त्रुटी नव्हती,” प्रज्ञा म्हणाली.

“ती होती असं तज्ज्ञ म्हणतात.”

मी सुचवले, वाक्य बदला. ‘वाद्य दोन्ही पद्धतींनी जुळवता येते’ असे लिहा, त्या लगेच सही करतील.

“मग तज्ज्ञ चुकले, असा अर्थ होतो,” सचिव म्हणाले. “त्यांना आम्ही बोलावलं होतं. ते चुकले म्हणजे आम्ही चुकलो. आणि एक सांगू का, तुमच्या पार्टीत जे वाजवता ते तिथं ठीक आहे. शाळेला शाळेचा सूर असतो.”

हे वाक्य ते अगदी सौम्यपणे बोलले. इतक्या वर्षांत मी बऱ्याच सभांतून बरीच उर्मट भाषणे लिहून घेतली. त्यांतले एकही मला या वाक्याइतके लागलेले नाही.

“आवो बाई, त्रुटी म्हंजे काय फाशी हाय का?” अध्यक्ष समजुतीने म्हणाले. “एक शबूद हाय. सही करा, उद्याधरनं कायम. कोण वाचतंय ती फाइल?”

प्रज्ञा कागदाकडे पाहत राहिली. बाकावरून तात्या म्हणाले, “कर की सही, पोरी. कागदाला काय सूर कळतोय?”

“तो सा तुमचा आहे, तात्या,” ती म्हणाली. “माझा असता तर केली असती.”

तात्या मग उठून टेबलापाशी आले. “सायेब, त्रुटी म्हंजे काय वो?”

“कमतरता. चूक,” सचिव म्हणाले.

“माझ्या गळ्याची व्हय?”

सचिव कागद सरळ करू लागले.

“मग सही माझी घ्या. गळा माझा हाय.” तात्यांनी टेबलावरचे पेन उचलले. “हिची कशापायी?”

“तसं चालत नाही, तात्या. तुम्ही आमचे कर्मचारी नाही.”

“चूक माझी, सही हिची, आन नोकरी तुमची,” तात्या म्हणाले आणि पेन जिथे होते तिथे ठेवून बाकावर जाऊन बसले.

अध्यक्ष खिडकीबाहेर बघत होते. सचिवांनी कागद अर्ध्या बोटाने आणखी पुढे सरकवला. प्रज्ञाने गिटार मांडीवर घेतली. मला वाटले ती निघण्यासाठी आवरते आहे. ती जाड तारेची चावी फिरवत होती. तार खाली येत येत थांबली. मग तिने बारीक तारेशेजारची तार उतरवली. बाकावर बसल्या बसल्या तात्यांनी तोंड मिटून हलकाच सा लावला. तिने कान तिकडे केला, शेवटची तार त्या ‘सा’शी आणून मिळवली आणि मगच गिटार खोळीत घातली.